इसार दिल्यानंतर

अण्णा, अक्का,

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी अप्पा एसटीच्या टपावर ट्रंक चढवणाऱ्या हमालाशी भांडत होते, ते तुम्हा दोघांना आठवत असेल. ट्रंकेला दोन कुलपं लावून वरून सुंभ आवळला होता. आत काय, तर चार पातेली, दोन सतरंज्या आणि माझा शालू. तरी अप्पांनी मला खिडकीशी बसवून बजावलं, "गाडी थांबली की मान भाईर काढून टपाकडं बघायचं. परत्येक स्टापाला." अक्कलकोटपासून सोलापूरपर्यंत मी इमानेइतबारे मान बाहेर काढत राहिले आणि आमचे हे शेजारी बसून हसत राहिले. ह्यांच्या घरात कुणी कुणावर संशय घेत नाही. आपल्या घरात संशय मिठासारखा रोज लागतो.

त्याला कारणही होतं. अप्पांनी एकदा खळ्यासाठी जागा विकत घेतली होती. वर्षभरानं विकणाऱ्याचा चुलतभाऊ उगवला आणि म्हणाला, माझी सही कुठंय? जागा गेली. तेव्हापासून अप्पा ताकही फुंकून प्यायचे आणि आपल्यालाही प्यायला लावायचे.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. ह्यांना सोलापुरात कचेरीत कारकुनी मिळाली होती. दोन वर्षं एका खोलीत काढली. मालकीणबाई नळाला पाणी किती वेळ ठेवायचं ते ठरवायची आणि माझ्याकडे पाहुणे किती आले तेही मोजायची. मग नवी पेठेच्या मागच्या गल्लीतलं हे घर कळलं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर माळवद. विकणारे सिद्रामप्पा बार्शीला मुलाकडे राहायला निघाले होते. गोड बोलणारा माणूस. माझ्या मनात तिथंच पहिली पाल चुकचुकली.

ह्यांनी इसार दिला आणि येताना पेढे आणले. अप्पा त्या दिवशी आमच्याकडेच होते. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "इसार दिला म्हंजे घर झालं न्हाय. साखरपुडा झाला म्हून पोरगी नांदाय जाती व्हय? खरं काम आता हाय." मग त्यांनी मला सांगितलं, ह्यांना नाही. जुने कागद नकलेवर भागवू नको, मूळ बघ. मधली भिंत कुणाची ते विचार. घरपट्टी कुणाच्या नावानं येते ते बघ. आणि त्या घराच्या रक्ताचं कोण कोण जितं आहे, ते कागदाला विचारू नको, माणसाला विचार.

वकिलांनी त्यांचं काम केलं. रजिस्टर कचेरीत तीस वर्षांचा सर्च घेतला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आधी सिद्रामप्पांच्या वडिलांचं नाव होतं, त्यांच्या मागं एकट्या सिद्रामप्पांचं. पेपरात जाहीर नोटीस दिली, की या मिळकतीवर कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांत कळवावं. मी विचारलं, ज्याला वाचता येत नाही त्यानं कसं कळवायचं? वकील चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, याला कायद्यात उत्तर नाही." एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. खरेदीखत होईपर्यंत ताब्याकडे लक्ष ठेवा. एकदा कुणी आत बसलं की उठवता उठवता म्हातारे व्हाल.

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. सिद्रामप्पा बार्शीला जाताना साफसफाईसाठी म्हणून किल्ली आमच्याकडे देऊन गेले होते. हे म्हणाले, बघ, किती विश्वास! मी म्हटलं, एवढा विश्वास कोण कशाला ठेवील? किल्ली मी कनवटीला लावली आणि विरजणाची वाटी घेऊन गल्लीत निघाले. विरजण मागायला गेलेल्या बाईला कुणी उंबऱ्यावरून परतवत नाही, आणि विरजण देता देता कुणाचं तोंडही गप्प राहत नाही. दोन घरं कोरडी गेली. तिसऱ्या घरची म्हातारी सहज बोलून गेली, "गौरव्वाला कळलं का न्हाय घर इकल्यालं? सिद्रामप्पाची थोरली भन. कडक भाकऱ्या करून इकती की, तिकडं तळ्याच्या अंगाला."

मी वाटी तिथंच विसरले.

सिद्रामप्पा पुढच्या खेपेला आले तेव्हा मी विचारलं. तुम्हाला बहीण आहे? माणूस गडबडलाही नाही. "हाय की." मग सांगितलं का नाही? "तिचं काय त्यात? तिचं लगीन करून दिलं की." हे मला नंतर म्हणाले, तो फसवत नव्हता गं, त्याच्या मनातच आलं नव्हतं. मी म्हटलं, मनात न येणं ही फार सोयीची गोष्ट असते. वकील मात्र ताठ बसले. मुलीचाही वारसा असतो, ती खरेदीखतावर संमतीची सही करत नाही तोवर पुढे पाऊल टाकू नका, म्हणाले. इसारात आमची सगळी शिल्लक गेली होती. तिनं नाही म्हटलं असतं तर घर गेलं असतं आणि आम्ही परत त्या मालकीणबाईच्या नळावर.

गौरव्वाकडे मी एकटीच गेले. पत्र्याची खोली, दारात ज्वारीच्या भाकऱ्या पसरून वाळत घातलेल्या. मला बघून ती म्हणाली, "बर्री, कूड्री." 'या, बसा' हे आपल्या कानडीत ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं वाटावं म्हणूनच बोलली असेल. मी सगळं सांगितलं. तिनं हातावरचं पीठ झटकलं.

"करती की सही. तेनं मला इच्यारलं न्हाय, तुमी तरी इच्यारलं. मला कुटं काय पायजे? पन त्येच्या आदी येकदा घर बगू द्या. माजी अव्वा गेल्यापसनं पाय ठेवला न्हाय मी. चुलीपाशी जरा बसती, माळवदावर जाऊन येती. किल्ली कुणाकडं हाय?"

अण्णा, खरं सांगते. तिचा चेहरा मला दिसलाच नाही. मला दिसलं एक बोचकं. ते घेऊन ती पडवीत येऊन बसली आहे, आणि वकील म्हणताहेत, बसली का? आता झाला ताबा. जरा बसते म्हणणारी दोन वर्षं बसली तर? मी म्हणाले, "किल्ली मालकांकडं हाय. बार्शीला." किल्ली माझ्या कमरेला टोचत होती.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. येताना तिनं मला दोन भाकऱ्या कागदात बांधून दिल्या.

खरेदीखताच्या दिवशी ती वेळेआधी येऊन रजिस्टर कचेरीच्या पायरीवर बसली होती. भावाशी बोलली नाही. कारकुनानं अंगठ्यासाठी शाई पुढे केली, तर म्हणाली, "सही येती मला." एकेक अक्षर जपून लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, अक्षर सुटलं तर नाही ना म्हणून. शिक्का पडला. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि त्या भरात मी कनवटीची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. चला गौरव्वा, आता पोटभर बघा घर. वाटलं तर आजच्या दिवस राहा.

तिनं किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तवा बगायचं हुतं, बाई. तवा माजं हुतं. आता तुमचं की. तुमच्या घरात मी काय बगू?"

त्यानंतर मी तिला वास्तुशांतीला बोलवायला गेले, संक्रांतीला गेले, एकदा काही कारण नसताना गेले. तिनं प्रत्येक वेळी चहा दिला आणि दर वेळी म्हणाली, यीन की कवातरी. आली नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. घर चांगलं आहे. उताऱ्यावर आमचं नाव लागलं, भिंतीचा वाद नाही, नळ आमचा आहे. अप्पांनी डोळे मिटण्याआधी सगळे कागद दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली, "लई चोख केलंस." मला ते ऐकवत नव्हतं. चुलीपाशी बसले की अजून वाटतं, ही जागा मी विकत घेतली खरी, पण कुणालातरी आत येऊ न देता घेतली. चोख घर आणि आपलं घर यात फरक असतो, हे मला कुठल्या वकिलानं सांगितलं नव्हतं.

अण्णा, तू पाठवलेला हक्कसोडीचा कागद मंगळवारी पोचला. अप्पांच्या घरावर तुझं एकट्याचं नाव लावायचं आहे, ते बरोबरच आहे. तिथं तू राहतोस, तू राबतोस. अक्कानं मला हुबळीहून लिहिलंय, "मी केव्हाच सही केली, तूही करून टाक आणि मोकळी हो." मी कागद तीन वेळा वाचला. सवय. त्यात काही खोट नाही, आणि मला त्यातलं काही नकोही आहे.

पण तो मी पोस्टानं पाठवणार नाही. शनिवारच्या गाडीनं मी येते आहे, बोचकं घेऊन. आठ दिवस राहीन. आपली अव्वा झोपायची तिथं, उतरंडीच्या बाजूला झोपेन. गावात कुणीतरी तुला सांगेलच, बहीण सही न करता घरात येऊन बसली, सांभाळ. तुलाही तसं वाटलं तर मला राग यायचा नाही; आपण एकाच घरात वाढलो. अक्का, तुला सुट्टी मिळाली तर तूही ये. तू सही केलीस, तरी ये. आणि अण्णा, तू अक्काला आपल्या हातानं आत घे.

माझी सही मी निघायच्या दिवशी करीन. तोवर ते घर माझंही आहे.

तुमची,
नीलव्वा