सेंगमलमची वटवाघळं

मदुरैतल्या आमच्या तलावाच्या बांधावर राखणदार देव मुनीश्वराचं ठाणं आहे. भोवतीची झाडं तोडून लोकांनी तिथे कचरा टाकायला सुरुवात केली, आणि वटवाघळं निघून गेली. ती देवाची लेकरं, असं मनापासून मानणारी गल्लीत एकटी सेंगमलम उरली. भांडी आवरली की ती घमेलं घेऊन बांधावर जाई. तिने कचरा उपसला, वड लावले, मोह लावले, धुण्याचं पाणी घालून जगवले. पोटी मूल नव्हतं, तेव्हा टोमण्यांना काय तोटा!

"पाळणा हलेना, म्हणून उलटी टांगलेली पोरं हवीत हिला," शेजारणी म्हणायच्या.

झाडं वाढली, वटवाघळं परतली. मग तिने दारोदार पदर पसरून दिवाळीचे फटाके बंद करवले. मुनीश्वराच्या धाकाने का होईना, गल्लीने ऐकलं.

फाल्गुन-चैत्राच्या पंगुनी महिन्यात, माद्यांच्या पोटाला पिल्लं लटकलेली असताना, तिचा नवरा वैरवन गेला. मसणवाट बांधावरूनच जाते. आणि फटाक्यांशिवाय नेलेला माणूस म्हणजे बेवारस, अशी आमच्याकडची समजूत. तिने दीर चिन्नदुरैला बाजूला घेतलं.

"तंबी, ढोल वाजवा, फुलं उधळा. फटाके तेवढे नकोत."

"अण्णी, ते दिवाळीला ठीक होतं. माझ्या भावाला काय कुत्र्यासारखा नेऊ?"

"पिल्लं अंगावर आहेत हो त्यांच्या. भावाच्या पायाला हात लावून सांगा."

त्याने हात लावला. "बरं, नाही वाजवत. तुम्ही रडा, बाकीचं पुरुष बघतील."

बायकांनी गल्लीच्या टोकापर्यंतच जायचं. तिथे ती थांबली. ढोल दूर गेले, आणि बांधावर माळेमागून माळ फुटू लागली. ती धावली, तशा बायकांनी दंड धरले.

"पुढे पाऊल टाकलंस तर नवऱ्याला गती मिळायची नाही, बाई."

ती उभी राहिली. भर दुपारी आभाळ पंखांनी काळं झालं.

चिन्नदुरै आंघोळ करून परतला तो खुशीत. "अण्णाच्या मानाला सूर्य झाकला, अण्णी. लोक बघत राहिले."

सुतक फिटल्यावर ती बांधावर गेली. फांद्या रिकाम्या होत्या. खाली वाळलेल्या पिल्लांना मुंग्या लागल्या होत्या. तिने ती पदरात वेचली आणि मुनीश्वरामागे पुरली. कोणाला बोल लावला नाही.

दिवाळी जवळ आली तसा दीर म्हणाला, "आता पोरांना वाजवू द्या, अण्णी. राखायचं कोणासाठी?"

त्या वर्षी गल्लीने पहिली माळ तिच्याच मोहाच्या झाडाला बांधली.