परसातला डोंगर

"अवो, बाहेर या! तुमचा डोंगर बुडून राह्यला!"

बायको अशी ओरडली की घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक जागच्या जागी थांबले असतील. हातातला चहा तसाच टाकून मी परसात धावलो. पाच महिने या दोन हातांनी रचलेला माझा डोंगर कमरेपर्यंत जमिनीत गेला होता आणि आणखी जात होता, म्हैस डबक्यात बसते तसा, सावकाश, समाधानानं.

डोंगराबद्दल सांगायलाच हवं, कारण दाखवायला आता तो नाही. खाणीतून निवृत्त झालो, क्वार्टर सोडायची वेळ आली. बायकोला धानोऱ्याकडे, बापाच्या घरी जाऊन राहायचं होतं. म्हणाली, "तिथी दारातून डोंगर दिसते." मी म्हणालो, "तू काऊन जाते? डोंगरच आणतो इथी." आणि या वस्तीत घर घेतलं.

मग मोगरा उपटला, वाफे मोडले, सगळी माती खालीवर केली. दगड नाल्यातून सायकलवर आणले. एकेक दगड म्हणजे हत्तीचं पिल्लू. सायकल तीनदा वाकली, मी एकदाही नाही. फटींमध्ये नेचे लावले, माथ्यावर सीताफळ. डोंगर इतका उंच झाला की ताडोब्याचा वाघ पत्ता विचारत कुंपणापर्यंत आला होता. बायको म्हणते ती शेजारची मांजर होती. तिला अंतराचा अंदाज नाही. पण संध्याकाळी ती डोंगराकडे तोंड करून बसायची आणि माहेरचं नाव काढायची नाही.

खाणीत माझं काम छत ठोकण्याचं. सळईनं वर ठोकायचं. टण वाजलं तर खाली माणसं कामाला लावायची, ढब वाजलं तर पळायचं. त्या सवयीनं डोंगराचा प्रत्येक दगड मी ठोकून घेतला होता. जमीन तेवढी ठोकली नाही. तीस वर्षं मान वर करून काढलेल्या माणसाला पायाखाली बघायचं सुचत नाही.

शेजारचा भाऊ खाणीतला जुना जोडीदार. तो आला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला, सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला.

"भाऊ, आपली बंद झालेली खाण कुठवर आली होती?" मी विचारलं.

त्यानं माझ्या घराकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "आपल्या घरांखालून रस्त्याच्या पलीकडवर."

"अन् छत पेलायला ठेवलेले कोळशाचे खांब?"

"शेवटी काढले ना सगळे. तूच तं छत ठोकून सांगत होता, काढा म्हणून."

तो उठून आपल्या घरी गेला. थोड्या वेळानं त्याच्या अंगणातून ठोकण्याचा आवाज येऊ लागला.

मी सळई घेतली. परस, ढब. मोरी, ढब. मागची पायरी, ढब. बायको माझ्या मागोमाग घरात आली. देव्हाऱ्याखाली वाकून ठोकलं, तिनं आवाज ऐकला. शेवटी सैपाकघर राहिलं.

"सांगा," ती म्हणाली. "इथी कसं आहे?"

जन्मभर मी मांजरीचे वाघ केले. एका फरशीपुरती थाप मारणं मला काय जड होतं? तोंड उघडलंही. पण आम्ही छत ठोकणारे छताबद्दल खोटं बोलत नाही. वर तसं बोललेलं खाली माणसांच्या अंगावर येतं. आणि ही फरशी म्हणजे छतच होतं, मीच पोकळ केलेल्या जागेचं. फरक इतकाच की या वेळी आम्ही वर उभे होतो.

"पोकळ आहे," मी म्हणालो.

ती चुलीजवळचा पाट भिंतीशी सरकवून त्यावर बसली. बाहेर आणखी एक दगड खाली गेला. पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"चाल," मी म्हणालो, "तुह्या बापाच्या घरी जाऊ."

"विसरले का? ते घर इकूनच तं हे घेतलं," ती म्हणाली.