रुस्तम नावाचे आमचे घरमालक

घाबरण्याच्या बाबतीत आमच्या घरमालकांच्या तोडीचा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि नाव म्हणाल तर रुस्तम! कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, घर पक्कं लिंगायताचं. पण गल्ली त्यांना रुस्तमअप्पाच म्हणायची. त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तेव्हा निजामाच्या राज्यातल्या शाळेचे एक उर्दू मास्तर त्यांच्या वडिलांना म्हणाले, "याचं नाव रुस्तम ठेवा. लई मोठा पहिलवान होऊन गेला. त्याचं नाव ऐकून मौत थरथरते." मौतीनं नाव ऐकलं असावं, कारण मूल जगलं. मात्र तिनं टाकून दिलेली सगळी थरथर त्या मुलानं उचलून घेतली.

लातूर जिल्हा झाला आणि मी नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून आलो. कचेरीत कपाटं नव्हती, फायली जमिनीवर आणि आम्ही फायलींवर, अशी अवस्था. अप्पांकडं खोली मागायला गेलो तर ते अर्धं दार उघडून बराच वेळ माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत राहिले. "कागद हायेत का आत?" त्यांनी विचारलं. मी कपडे दाखवले तेव्हा आत घेतलं. सगळं गाव जिल्हा झाला म्हणून पेढे वाटत होतं, पण अप्पांना त्यात फक्त संकट दिसत होतं. "साहेब, जिल्हा म्हणजे जेल आलं. आन् जेल बांधलं म्हणल्यावर ते रिकामं ठेवतेत का? भरायला माणसं लागणार की." मी साहेब नव्हतो, हे मी त्यांना शेकडो वेळा सांगितलं. तरी रोज संध्याकाळी मी दारात सायकल लावली की आवाज खाली करून विचारायचे, "आज कुठल्या कागदावर आपलं नाव आलं का?" नाही म्हटलं की त्यांना दिवसाचा पहिला नीट श्वास यायचा.

त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथं कापूर मिळे, ऊद मिळे, वाती मिळत; काडेपेटी मिळत नसे. गिऱ्हाईकानं मागितली तर म्हणायचे, "काडी दुसरीकडं घ्या. दोन्ही एका ठिकाणी नको." एसटीत चढायच्या आधी खिडकीखाली उभं राहून ड्रायव्हरला ब्रेकची चौकशी करायचे, आणि ड्रायव्हर चिडला की चढायचेच नाहीत, कारण चिडलेल्या माणसाच्या हातात जीव द्यायची भीती. सासुरवाडी देवणीची. तिथले बैल म्हणजे देखणं, शांत जनावर. पण त्यातल्या एकानं लग्नाच्या मांडवात यांच्याकडं मान वळवून पाहिलं, एवढ्यावरून पंचवीस वर्षं ते सासुरवाडीला गेले नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्याच जाऊन यायच्या आणि हसत म्हणायच्या, "बैल विचारत होता, जावईबापू कुठायत म्हणून."

या सगळ्याला आम्ही पोट धरून हसायचो. एका गोष्टीला मात्र हसू येत नसे. त्यांना एकुलता एक मुलगा होता, बसवराज; घरात बसू. विशीतला, दालमिलमध्ये मशीनवर कामाला. या मुलाला अप्पा कधी हात लावत नसत. मारणं सोडाच, पाठीवरून हात फिरवणंही नाही. ताटात भाकरी वाढायची वेळ आली तर ती काकूंच्या हाती देऊन वाढायला सांगायचे. लहानपणी त्याला खांद्यावर घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बसूची समजूत अशी, की आपण बापाला आवडत नाही. त्यानं ती कधी बोलून दाखवली नाही, पण बाप ओसरीवर आला की तो उठून शिडीनं वर माळवदावर जायचा.

एकदा मीच अप्पांना विचारलं. त्यांनी आत वाकून बसू घरात नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाले, "शाळेत मास्तरांनी रुस्तमची गोष्ट सांगितली होती, साहेब. दोन दिवस मी छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी शेवट सांगितला. त्यानं लढाईत एका जवान पोराला मारलं, आन् मारल्यावर कळलं का ते त्याचंच पोरगं. मला आठ दिवस ताप होता." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली सरकवले. "नाव तर माझं तेच हाय ना."

हे माझ्या मनाला लागलं. वाचनालयात जाऊन मी एक जाडजूड कोश काढला. त्यात हे नाव इराणातून किती लांब गेलं ते दिलं होतं. डोंगरापलीकडच्या आर्मेनियातही जुन्या कथांत रुस्तम आहे आणि तिथं त्याला एकशेवीस हत्तींचं बळ आहे, असं लिहिलं होतं. मी धावत येऊन अप्पांना सांगितलं. त्यांना हत्तींशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं पोराचं काय होतं?" कोशात ते दिलेलं नव्हतं. मी तसं खरं सांगितलं, आणि ते उठून दुकानात गेले.

पुढचा उन्हाळा आला; पावसानं दगा दिल्याचं ते दुसरं वर्ष होतं. अप्पांच्या अंगणातल्या आडाला बादलीभर चिखलाखेरीज काही येईना. गाळ काढायला माणूस मिळेना, कारण गावात सगळ्यांचेच आड आटलेले. शेवटी एका रविवारी सकाळी बसू कमरेला दोर बांधून स्वतः उतरला. दोर कप्पीवरून घेऊन मी आणि शेजारचा एक दांडगा माणूस धरून होतो. काकू बादल्या रिकाम्या करत होत्या. अप्पा लांब भिंतीला पाठ लावून, हात मागं बांधून उभे होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "आवाज येतोय का त्याचा?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. त्या दिवसांत टँकर आला म्हणजे हातातला घास टाकून पळायचं, अशी सवय झालेली. शेजाऱ्यानं दोराचं टोक खांबाला गुंडाळलं, "आलोच" म्हणाला आणि घागरी घेऊन पळाला. काकूही पळाल्या. आणि आडातून बसूचा आवाज आला, "वर घ्या... गुदमरायलंय." मग काहीच आवाज आला नाही.

मी दोर खांबावरून सोडवून ओढला. हातभर वर आला असेल, पुन्हा खाली गेला. बसूचा सगळा भार दोरावर आला होता आणि मी कारकून माणूस, फायलीचा गठ्ठा उचलताना मला धाप लागे. "अप्पा, या!" मी ओरडलो.

ते भिंतीला चिकटले होते. ओठ पांढरे पडले होते. "मी न्हाई धरणार. माझ्या हातानं होईल. साहेब, माझ्या हातानंच होईल."

दोर माझ्या मुठीतून सरकत होता. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, मी जीव तोडून ओरडलो, "अप्पा, आर्मेनियात तो पोराला वाचवतो! मी वाचलंय! तिथं वाचवतो तो!"

त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. पण माझ्या मागं कुणीतरी आलं आणि दोर एकदम हलका झाला. मी वळून पाहिलं तर अप्पा डोळे गच्च मिटून, "बसव, बसव" म्हणत मागं मागं जात होते. तो देवाचा धावा होता की मुलाला हाक, मला कळलं नाही. काथ्याचा दोर त्यांच्या तळव्यांतून रक्त काढत होता, पण ते मागं मागं जात राहिले. बसूचं डोकं काठावर दिसलं तेव्हा मी त्याला काखेत धरून ओढून घेतलं. तोंड निळं पडलं होतं. काकू घागर घेऊन दारात आल्या, क्षणभर थांबल्या आणि रांगेत भांडून आणलेली ती अख्खी घागर त्यांनी मुलाच्या तोंडावर ओतली. बसू खोकला. अप्पांनी तोवर डोळे उघडले नव्हते. "खोकला का?" त्यांनी विचारलं. "हाव," मी म्हणालो. "खोकला." मग ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पंधरा दिवस त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. बसू मिलमधून आला की त्यांना ज्वारीची भाकरी कुस्करून भरवायचा. घास गरम असेल, ठसका लागेल, म्हणून अप्पा प्रत्येक घासाला घाबरायचे आणि तो फुंकर मारून द्यायचा. एकदा मुलगा हात धुवायला उठल्यावर अप्पा माझ्याकडं सरकले. "साहेब, ते आर्मेनियाचं खरं होतं का?"

"खरं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "मग आपण तिकडचे असू," म्हणाले.

वर्षभरानं माझी नांदेडला बदली झाली. निरोपाला दोघं स्टँडवर आले. अप्पांनी ड्रायव्हरला ब्रेकचं विचारून घेतलं, माझ्या पिशवीतला स्टोव्ह तीनदा हुंगून पाहिला, पोचल्यावर कार्ड टाका म्हणून बजावलं. बस सुटली तेव्हा ते दोघं रस्ता ओलांडत होते. दोन्हीकडून ऑटो आणि मोटारसायकली येत होत्या. अप्पांनी बसूचं मनगट पकडलं होतं. पलीकडच्या कडेला पोचल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. तसंच धरून ते बाजाराच्या दिशेनं चालू लागले आणि बसूही हात न सोडवता त्यांच्या चालीनं हळू चालत होता. बस वळेपर्यंत मी मान वळवून बघत होतो. त्यानंतर आमची भेट झाली नाही.