हळदीच्या रंगाचं बारसं

मल्लूअण्णा साडी विकण्याआधी तिचं टोक ओलं करून स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र रुमालावर खसाखसा घासायचे. रुमालावर डाग उमटला, की गिऱ्हाइकाच्या हातातून साडी हिसकावून घ्यायचे. "न्यायची न्हाय ही!" जणू गिऱ्हाईकच साडी चोरून नेत होतं. असं दुकान कोल्हापुरात चाललं कसं, हे मला शेजारी असूनही कधी कळलं नाही.

दुकानामागच्या अंगणात अण्णांची रीतसर नोंदवलेली परदेशी कासवं होती. कुणी हात लावला, की डबा मिटावा तसं कवच मिटून घेणारी. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघा. एकदा मात्र अंड्यातून नुसतं हळदीच्या रंगाचं पिल्लू निघालं. बेळगावचे एक कासवशौकीन बघायला आले आणि थरारून म्हणाले, "अण्णा, हे तर हायपो! रक्तातच काळा रंग कमी. पिढ्यान्‌पिढ्या उतरणार. याची पहिली पिल्लं माझी!"

अण्णांनी शब्द दिला आणि चक्क बारसं घातलं. पाळणा, घुगऱ्या, गल्लीभर पेढे, वर 'हायपो' अशी पाटी. कासवाला आत्या नसल्यामुळे 'कुर्रर्र' करायचा मान माझ्याकडे आला. कान सापडेपर्यंत पिल्लानं कवच मिटून घेतलं.

दोनेक वर्षांत त्या पिवळ्या पाठीवर काळे ठिपके उमटू लागले. अण्णांचं जेवणातलं लक्ष उडालं.

"आणखी काळं व्हायच्या आत हेच त्यांना देऊन टाका की," अक्का म्हणाल्या. अण्णांनी बायकोकडं असं बघितलं, की त्या उठून आत गेल्या.

बेळगावकर आले. "ठिपक्यांचं काय एवढं? पाटी राहू द्या. मी हेच नेतो."

"आन् फुडच्याला काय सांगणार? हायपोच न्हवं?" अण्णांनी पाटी काढली. "रक्तातलं मला कळत न्हाय, पावणं. बोललो ती चूक झाली."

मग मला बरोबर घेऊन ते पेढे दिलेल्या प्रत्येक दारात उभे राहिले. "बारसं परत घेतलं. पेढा पचला असंल तर माफी असावी." लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. परवा आणखी एक पिल्लू निघालं, तेही लख्ख पिवळं. मी कुंपणावरूनच ओरडलो, "अक्का, काय लिहायचं पाटीवर?"

घरात कधी अंडंही न आणलेल्या अक्का तोंड फिरवून, चिमट्यात धरलेलं गांडूळ त्याला भरवत होत्या.

"मोठं होऊ दे की आधी," त्या म्हणाल्या.