सिंह एका दिवसात गुजरातेत गेले

१९६० च्या डिसेंबरात मी शाळेच्या फळ्यावर लिहिलं की आपल्याकडे सिंह आहेत. नव्हते.

आर्णीपासून दोन कोसांवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी नुकताच बदलून आलो होतो. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर रोज ‘आजची माहिती’ लिहायची. एक दिवस एखाद्या शब्दाचा अर्थ, एक दिवस इतिहास, एक दिवस सामान्यज्ञान. माझं अक्षर बरं म्हणून हेडमास्तरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. प्रवाशांची मोटार फळ्यासमोरच थांबायची आणि कधीच वेळेवर येत नसे, त्यामुळे मला वाचक भरपूर होते.

रोज नवी माहिती शोधणं माझ्या स्वभावात नाही. नेर गावाकडच्या आधीच्या शाळेत असताना, १९५७ साली, मी एक वही भरली होती. तीच इथं आणली आणि तारीखवार उतरवू लागलो. त्या साली आपण मुंबई राज्यात होतो. सौराष्ट्रही त्याच राज्यात, आणि सौराष्ट्रात गीरचं जंगल. म्हणून वहीत होतं, ‘आशियातले सिंह फक्त आपल्या राज्यात आढळतात.’ तेव्हा ते खरंच होतं. १९६० च्या मे महिन्यात राज्याचे दोन भाग झाले. सिंह गुजरातच्या वाट्याला गेले आणि वही माझ्याकडे राहिली. त्यात वाक्य फळ्यावर मावेना म्हणून ‘आपल्या राज्यात’ पुसून मी सुटसुटीत ‘आपल्याकडे’ केलं. त्या सुधारणेवर मी खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरची एकोणीस पोरं आली नाहीत. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती, जंगलाच्या पलीकडे. कापसाची वेचणी लागली असेल, असं मी धरलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी हेडमास्तर मोटारीची वाट पाहणाऱ्यांशी बोलून आत आले.

“गुरुजी, तुमच्या सिंहानं एकोणीस पोरं खाल्ली,” ते म्हणाले. जंगलात सिंह आहेत, ही फळ्यावरची बातमी तांड्यावर पोचली होती.

सोमवारी डिप्टी साहेब तपासणीला यायचे होते. हजेरी पाहून ते मला कायम करणार होते. कायम म्हणजे नोकरीशी लग्न लागणं. तोवर नुसतं बघणं-दाखवणं. माझं खरं लग्नही त्यावरच अडलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी कायम व्हा, मग तारीख काढू. शाळा अर्धी रिकामी दिसली असती तर दोन्ही लग्नं मोडली असती.

मी तडक तांड्यावर गेलो. तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, लिंबाखाली दोर वळत बसले होते. मी म्हटलं, पोरं पाठवा, सिंह नाहीत.

“तुमीच तं लिहलं.”

“होते. ते गुजरातेत गेले.”

“कधी?”

“मे महिन्याच्या एक तारखेला.”

“सारेच? एकाच दिवशी?”

मी मान डोलावली. खोटं बोलत नव्हतो, हीच पंचाईत होती.

“कोन्या वाटेनं गेलते? आमाले तं एकबी दिसला नाही.”

मी काडी घेऊन मातीत नकाशा काढला. राज्य, सीमा, वाटणी, सगळं समजावलं. नाईकांनी तो नकाशा फार गंभीरपणे पाहिला आणि बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिनं ओढणी तोंडाशी धरली. मग त्यांनी विचारलं, एखादा मागं राहिला असेल तर? मी मातीतली सीमा पुन्हा एकदा गिरवली. शेवटी त्यांनी अट घातली. पोरांना न्यायला मी स्वतः यायचं. पोरं मागं, मी पुढं.

शुक्रवारी, शनिवारी आणि सोमवारी मी काठी घेऊन जंगलातून पुढे चाललो. पोरं मातीतले ठसे दाखवायची, हे सायाळीचे, हे कोल्ह्याचे. शनिवारी झुडपात रानडुक्कर खसफसलं तेव्हा मी काठी टाकली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. कसा गेलो ते आठवत नाही.

सोमवारी वर्ग भरलेला होता. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात दुरुस्ती लिहिली होती. ती वाचून डिप्टी साहेबांनी विचारलं, सिंह कुठे आढळतात? तांड्याची पोरं एका सुरात ओरडली, “गुजरातेत गेले जी!” ‘विद्यार्थ्यांचे ज्ञान अद्ययावत आहे’ असा शेरा पडला आणि मी कायम झालो.

तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे मी साल टाकतो. दूध नासतं तशी माहितीही नासते, फक्त तिला वास येत नाही.

पेढे घेऊन तांड्यावर गेलो. नाईकांना म्हटलं, आता सिंहाचं भय गेलं ना?

“सिंहाचं भेव कोनाले होतं, गुरुजी? माह्या आज्यानं बैलाईवर मीठ वाहून गुजरात पालथा घातला. सिंह कुठं राह्यते, आमाले ठाऊक हाये.” त्यांनी पेढा तोंडात टाकला. “आपल्या जंगलात काय हाये हेच ज्याले ठाव नाही, थो पोराईले काय शिकवन, म्हनून पोराईची शाळा बंद केलती. मंग तुमी सोता आले. म्हटलं, मानूस शिकासारखा हाये. म्हनून धाडली पोरं तुमाले शिकवाले.”