अण्णांनी ओवीला पाहिलं

या सदरातले अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचते आणि बहुतेक वेळा हसून पुढे जाते. आधीच सांगते, आमचं घर असल्या गोष्टी मानणारं नाही. मी फार्मासिस्ट, पनवेलला आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. सासरे – त्यांना आम्ही अण्णा म्हणतो – महाड तालुक्यात शाळामास्तर होते. अंगात येणं, उतारे, भानामती याविरुद्ध त्यांनी गावोगाव पथनाट्यं केली. आमच्या बौद्धवाडीत कुणी 'चमत्कार' असा शब्द काढला, की अण्णा त्याला समोर बसवून त्याची शिकवणीच घ्यायचे. म्हणूनच हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं...

काचबिंदूने अण्णांचे दोन्ही डोळे गेले, तेही माझी मुलगी ओवी जन्मायच्या आधी. गेले म्हणजे पूर्ण गेले – खोलीत दिवा लावलाय की नाही, एवढंही त्यांना कळत नाही. डोळ्याची नसच सुकलेली. सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचलेत, त्यामुळे मला कसली आशा नव्हती.

तरी अण्णांनी धीर धरला होता. रेडिओ ऐकायचे, ओवीकडून पाढे म्हणून घ्यायचे. पण मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि माणूस आतून खचला. जेवण अर्ध्यावर आलं, मग नुसत्या चहावर. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, यांनी मनाने सोडून दिलंय. एकदा मी ताट पुढे केलं तर हळूच म्हणाले, "सुजाता, आता आग्रह करू नकोस. पुरे झालं." मिलिंद, माझा नवरा, स्वयंपाकघरात जाऊन रडला.

थंडी सरत आली होती. पोलादपूरला नात्यातलं लग्न होतं, तिथून सकाळी आम्ही गाडीने परत निघालो. महाड मागे पडलं आणि ओवी काचेला नाक लावून ओरडली, "आई, डोंगरात ती भोकं कसली?"

गांधारपाल्याची लेणी! या हायवेवरून मी कितीदा गेले असेन, पण कधी वर चढले नव्हते. मिलिंद म्हणाला, "चल, आज टुरिस्ट होऊ."

अण्णा म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी गाडीत बसतो."

ओवी हटून बसली. आजोबा येणार नसतील तर मीपण नाही. शेवटी अण्णा उतरले. मिलिंद गाडी नीट लावून पाणी घेऊन येतो म्हणाला आणि आम्ही तिघं पुढे झालो. अण्णांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा ओवीच्या हातात. पायऱ्या चढताना ते मध्येच म्हणाले, "शाळेची सहल इथंच आणायचो मी." कितीतरी दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते.

वर चैत्यगृहात गारवा होता, वटवाघळांचा वास होता. आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. समोर बुद्धांची दगडात कोरलेली मूर्ती, झिजून नाकडोळे पुसट झालेले. अण्णांनी चपला काढल्या, हात जोडले, मग चाचपडत भिंतीला तळवा टेकून उभे राहिले. मी मोबाइलवर फोटो काढत होते.

"सुजाता... हा उजेड कसला?"

मला वाटलं, दारातून येणारं ऊन अंगाला लागलं असेल. पण अण्णांनी मान वळवली आणि सरळ ओवीकडे पाहिलं. पाहिलं, असंच म्हणावं लागेल. नजर इकडेतिकडे न भटकता तिच्या तोंडावर थांबली.

"इकडं ये गो," ते म्हणाले. मास्तरकीतली शुद्ध भाषा सुटून वाडीतली बोली आली होती. "हातावर मासा काढलायस काय? निळा?"

ओवीने हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मासा काढला होता! गाडीत मागे बसून कधीतरी काढला असणार. मीसुद्धा तो तेव्हाच पाहिला.

खात्री करून घ्यायलाच हवी होती. आवाज न करता मी ओढणीचं टोक वर धरून हलवलं.

"हलवतेस कशाला? पिवळी हाय," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बघतच राहिले. "केस पिकले की गं तुझे..."

मी दारात धावले आणि खाली बघून जीव खाऊन ओरडले, "मिलिंद! लवकर ये!" तो पायऱ्यांवर अजून बराच खाली होता. हातातली पिशवी तिथेच टाकून पळत सुटला. आत अण्णा ओवीची हनुवटी धरून तिला निरखत होते. भुवया, कान, पडलेल्या दाताची जागा. "आजीवर गेलीस गो. अगदी तिचंच कपाळ."

मिलिंद धापा टाकत आत आला. "अण्णा!"

अण्णा आवाजाच्या दिशेने वळले. हात पुढे झाला आणि हवेतच फिरला. "आलास? कुठं हायस?"

गेलं होतं सगळं.

मिलिंद मटकन खाली बसला. अण्णा चाचपडत त्याच्याजवळ आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चक्क हसले. "रडतोस कशाला? तुला पुष्कळ बघितलाय मी. हिला बघायची राहिली होती."

पुढच्याच आठवड्यात तपासणी केली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, यंत्र लावलं आणि मान हलवली. नस तशीच, सुकलेली. "यातून दिसणं शक्य नाही," म्हणाले. त्यानंतर अण्णांना पुन्हा काही दिसलेलंही नाही.

पण त्या दिवशी खाली उतरल्यावर त्यांना भूक लागली होती. हायवेवरच्या हॉटेलात दोन भाकऱ्या मागून घेतल्या त्यांनी! आता ते पांढरी काठी घेऊन बिल्डिंगखाली फिरतात, संध्याकाळी शेजारच्या मुलांना इतिहास शिकवतात.

मी मात्र अजून तिथेच अडकलेय. भास म्हणावा तर मासा कसा दिसला? ओढणीचा पिवळा रंग त्यांना कुणी सांगितला होता? शेवटी न राहवून मी त्यांनाच विचारलं, "अण्णा, तुम्ही तरी सांगा. काय होतं ते?"

ते म्हणाले, "चमत्कार मी म्हणणार नाय, सुजाता. कारण असणार, आपल्याला ठाऊक नाय इतकंच. पण पोरगी बघितली मी. ते नाय कसं म्हणू?"