थांबलेला रहाट

बेळगावच्या शहापुरात मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका शेकड्यांनी होत्या, पण कांडी भरता भरता नीलम निवडणारी मनुबाई एकटीच. आणि हे उभ्या गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि तिच्या नवऱ्याला.

नवरा नागोजी विणकराच्या घरातला. पोरवयात खडेबाजारात एका जवाहिऱ्याकडे कामाला लागला, तो मागाला पारखा झाला आणि खड्यांचा पारखी. सोनार अंगठी घडवायचे, पण खडा निवडायला गिऱ्हाइकाला शहापुरात नागोजीकडे धाडायचे. त्यानं हो म्हटलेला खडा कुणी पुन्हा दुसऱ्याला दाखवत नसे. शहात्तर साली त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि सगळ्यात आधी गेला तो निळा रंग. माणिक अजून लाल दिसायचं, पण नीलम हातात घ्यावा तर चुलीतली राख. ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून जायचा, कारण त्याच्या वडिलांचा एक डोळा ऑपरेशनातच गेला होता. पुढे पुढे माणसांचे चेहरेही धुरकट झाले.

मनुबाईचं आयुष्य रेशमाच्या रंगांत गेलेलं. एकाच निळ्या रंगाच्या दोन लडी शेजारी ठेवल्या तर कुठली आदल्या दिवशी रंगवली आणि कुठली दुसऱ्या दिवशी, हे ती न चुकता सांगायची. बाकीचं नागोजीनं शिकवलं. शाईसारखा काळपट नको, मधोमध फिका पडलेला नको, पैलू असे हवेत की खडा हलवताच उजेड आतल्या आत फिरेल. आणि एक गोष्ट त्यानं तिच्याकडून घोकूनच घेतली होती: जमिनीतल्या नीलमात रंगाच्या रेघा असल्या तर त्या सरळ पडतात, मागावर ताणलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या. कारखान्यातल्या खड्यात त्या वळतात.

दोघांनी खूण ठरवली होती. उंबऱ्याशी पांढऱ्या कागदावर काचेची वाटी, वाटीत पाणी. नागोजी एकेक खडा त्यात सोडायचा आणि मान वाकवून बघितल्यासारखं करायचा. मनुबाई शेजारीच रहाट फिरवत बसायची. खडा पसंत पडला की सूत तुटल्याचं निमित्त करून ती रहाट थांबवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, नजर असावी तर नागोजींसारखी. नागोजी मिशीत हसायचा. त्या हसण्याचा मनुबाईला राग यायचा, खोटं कशाला सांगा, फार राग यायचा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ उघडली तर उद्यापासून दारात कुणी फिरकणार नाही, हे तिला कळत होतं.

दोन वर्षं असं निभावलं. मग एका सकाळी निपाणीचे तम्मण्णा शेठ आले.

तम्मण्णा तंबाखूचे व्यापारी. आदल्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी इथूनच नीलम निवडून नेला होता, तो बोटात होता. आता लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या अंगठीसाठी खडा हवा होता. पाच खडे त्यांनी कुठूनकुठून जमवून बरोबरच आणले होते. पुडी नागोजीच्या हातात देऊन ते उंबऱ्यासमोर पाटावर बसले. मनुबाईनं रहाट सुरू केला.

पहिला खडा पाण्यात पडला. काळपट. रहाट फिरत राहिला. नागोजीनं तो बाहेर काढून बाजूला ठेवला.

तम्मण्णा म्हणाले, "बाई, रहाट जरा बंद करा. आवाजानं काय सुचंना झालंय."

मनुबाईचा हात थांबला. नागोजीची दुसरा खडा धरलेली बोटं वाटीवर तशीच राहिली. शेजारच्या मागाचा खटका भिंतीतून ऐकू यायला लागला.

नागोजीनं दुसरा खडा सोडला, काढला. तिसरा सोडला आणि बराच वेळ मान वाकवून बसला. त्याच्या कानशिलावरून घाम उतरताना मनुबाईला दिसत होता. उठून आत जावं, भांडं पाडावं, खोकावं, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. पण शेठ वाटीकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"ह्यो घ्या शेठ," नागोजी म्हणाला. "लई स्वच्छ हाय. एक डाग न्हाय."

मनुबाईनं वाटीत पाहिलं. खडा सुरेख होता, तिन्हींत उठून दिसणारा. पण आत फिक्या निळ्या रेघा होत्या आणि त्या एका अंगाला वळल्या होत्या, ताणा ढिला पडावा तशा.  गप्प राहावं तर एका पोरीच्या बोटात खोटा खडा जाईल, आणि बोलावं तर स्वतःच्या नवऱ्याची अब्रू स्वतःच्या तोंडानं जाईल. तिनं वाटी आपल्याकडे ओढली.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "ह्याच्या रेघा वळल्यात. ह्यो कारखान्यातला हाय."

नागोजीनं मान वर केली नाही. तम्मण्णा शेठनी खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर पसरला.

"तो मीच मिसळलाय," ते म्हणाले. "आमचं सौदं रुमालाखाली बोटं दाबून चालत्यात, आक्का. खूण आम्हाला कळती. गेल्या वरसाला माझ्या खड्याला रहाट थांबलेला, ते घरी गेल्यावर ध्यानात आलं."

आता आरडाओरडा होणार म्हणून मनुबाईनं पदर घट्ट धरला. पण शेठ नागोजीला हळूच विचारत होते, कधीपासून दिसत नाही.  नागोजीनं सांगून टाकलं.

"दोन वरसं झाली. तुमच्या बोटातला खडाबी हिनंच निवडलाय. मी नुसता हसत बसलो."

एवढं बोलून तो रडला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण मनुबाईनं त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. तिचा राग त्या घटकेला कुठल्या कुठे गेला आणि तिला त्याची नुसती कीव आली.

तम्मण्णांनी बोटातली अंगठी उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा घातली. म्हणाले, खडा मला लाभलाय, तो काही मी काढून टाकणार नाही. पण खोट्या नावानं खरा खडा निवडून देणं मला पटत नाही, आणि हे मी खडेबाजारात सांगणार. मग त्यांनी उरलेले खडे मनुबाईपुढे सरकवले. तिनं एकेक पाण्यात सोडला. चौथा खडा आकारानं लहान होता, त्याच्या आत एक बारीक सरळ रेघही होती, पण रंग काठोकाठ भरलेला. हा घ्या, असं तिनं तोंडानं सांगितलं.

पुढचे आठ दिवस कुणी आलं नाही. नागोजी भिंतीला टेकून बसायचा आणि मनुबाई कांड्या भरायची. 

नवव्या दिवशी खडेबाजारातल्या सोनारानं पाठवलेलं एक जोडपं गल्लीत शिरलं. नागोजी बाहेर कट्ट्यावर बसला होता. पारख करणाऱ्या मनुबाईचं घर कुठलं, असं त्यांनी त्यालाच विचारलं. आतला रहाट थांबला.

नागोजी भिंत चाचपत उठला आणि दारातून बाजूला झाला.

"हेच," तो म्हणाला. "आत या. ती हाय."